प्रेमात हसायला बंदी आहे का?

आमच्या सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांची आख्यायिका ठाऊक असेलच. रंगपंचमीला लहानगे जिजाऊ-शहाजी एकमेकांवर रंग उडवतात, लखुजी गमतीत म्हणतात, जोडा शोभतो! मालोजी उठून जाहीरच करतात, आता आपण व्याही. म्हाळसाबाई भडकतात.

एवढी खमंग सुरुवात घरची असून मराठी ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम कायम रडतंच. 'स्वामी'त (१९६२) रमाबाई सती जातात, 'राऊ'त (१९७२) बाजीराव-मस्तानीची ताटातूट. दोन्ही मला आवडतात (रडलेही). राग येतो तो हसऱ्या प्रेमाला थिल्लर म्हणणाऱ्यांचा. आधी दोस्ती, चिडवाचिडवी, मग प्रेम, असल्या इंग्रजी कादंबऱ्या आम्ही मोबाईलवर रात्री जागून वाचतो. नाकं मुरडण्यापेक्षा मराठीत लिहा की! राजे-राण्याच कशाला, देऊळगावराजाच्या बालाजीच्या जत्रेत भांडणारे दोघं चालतील.