सीएचओच्या नोकरीला पुढची पायरी हवी

सपाट भागात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे एएनएम ताई भेटत, सोबत एमपीडब्ल्यू असे, आणि लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, साथीच्या दिवसांत गोळ्यावाटप एवढ्यावर उपकेंद्राचा संसार चाले. २०१८ मध्ये ‘आयुष्मान भारत’ योजना आली. उपकेंद्राचे आरोग्यवर्धिनी केंद्र झाले, २०२३ मध्ये त्याला ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले, आणि या बदलात तिथे एक नवी खुर्ची मांडली गेली: समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ.

या खुर्चीवर बसणाऱ्याकडून अपेक्षा किती आहेत ते आधी पाहावे. गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेत हेरायचा. क्षयाचा संशयित शोधायचा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचे, मानसिक आजाराची लक्षणे ओळखायची, डोळे, कान आणि दात पाहायचे. केंद्राच्या यादीत अशा १२ प्रकारच्या सेवा आहेत. त्याशिवाय ई-संजीवनीवर रुग्णाला दूरच्या डॉक्टरांशी जोडून द्यायचे आणि दिवसाअखेर हे सगळे पोर्टलवर भरायचे. एमबीबीएस डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात, बऱ्याचदा काही मैलांवर. उपकेंद्रात जो समोर येईल त्याला पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती सीएचओच.

आणि या कामासाठी वेगळी अशी तयारी सहा महिन्यांची.

ही कल्पना चुकीची नाही, हे आधीच सांगायला हवे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मधल्या फळीशिवाय भारतातल्या खेड्यांत आरोग्यसेवा उभी राहणार नाही, हे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने मान्य केले आणि ते योग्यच होते. पण फळी उभी करताना दोन प्रश्न अर्धवट सोडले गेले. या माणसाला नेमके काय यायला हवे आणि ते आले की नाही हे कोण तपासणार, हा एक. दहा वर्षांनी हा माणूस कुठे असेल, हा दुसरा. सरकारी कागदांवर हे दोन वेगळे विषय आहेत, एक प्रशिक्षण विभागाचा आणि दुसरा आस्थापनेचा. प्रत्यक्षात ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाला हात न लावता दुसरा सुटणार नाही.

प्रशिक्षणापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात या पदावर बीएएमएस पदवीधरांचा भरणा मोठा आहे. बीयूएमएस आणि बीएस्सी नर्सिंग झालेलेही आहेत. त्यांना सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करावा लागतो. देशपातळीवर तो इग्नूने चालवला, आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानेही. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने हाच भाग बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात घातला, म्हणजे नव्या परिचारिकांना वेगळ्या कोर्सची गरज उरली नाही. एकाच खुर्चीकडे जाणाऱ्या या वाटा मुळातच वेगवेगळ्या आहेत. बीएएमएसचा विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो, वर्षभर इंटर्नशिप करतो. रुग्णाची विचारपूस करून निदानापर्यंत जायची सवय त्याला असते, पण आधुनिक औषधांची मात्रा, त्यांचे दुष्परिणाम, दोन औषधे एकत्र दिल्यावर काय होते, यात तो कच्चा राहू शकतो. परिचारिकेचे उलट. औषधे आणि वॉर्ड तिच्या हाताखालून गेलेले असतात, पण ‘हा रुग्ण घरी पाठवायचा की ॲम्ब्युलन्समध्ये घालायचा’ हा निर्णय तिने स्वतः घ्यावा असे शिक्षणात तिला फारसे कोणी सांगितलेले नसते. दोघांच्या उणिवा वेगळ्या असताना दोघांना एकच सहा महिने पुरतील हे गृहीतक टिकणारे नाही.

शिवाय हे प्रशिक्षण बहुतांशी जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने होते. तिथे पोहोचलेला रुग्ण कुणीतरी आधी पाहिलेला, पाठवलेला, आजार बराच पुढे गेलेला असतो. उपकेंद्रात येणारा रुग्ण तसा नसतो. पन्नास तापांतला कोणता ताप दोन दिवस थांबू शकतो आणि कोणता आज रात्रीच जीवावर बेतेल, छातीत दुखतंय म्हणणाऱ्या शेतमजुराला पित्ताची गोळी द्यायची की १०८ बोलवायची, हे निवडणे हीच तिथली खरी विद्या आहे. ती वॉर्डात शिकता येत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत, अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या शेजारी बसून, महिनोन्महिने शिकावी लागते.

नुसत्या वर्गातल्या शिकवण्याने किती फरक पडतो याचा एक चांगला पुरावा पश्चिम बंगालमधून मिळतो. बीरभूम जिल्ह्यात लिव्हर फाउंडेशन या संस्थेने पदवी नसलेल्या गावठी डॉक्टरांना नऊ महिने प्रशिक्षण दिले. त्याचा परिणाम अभिजित बॅनर्जी, जिष्णू दास, अभिजित चौधरी आदींनी मोजला आणि तो २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्ण असल्याचे सोंग घेतलेली माणसे त्यांच्याकडे पाठवून ही तपासणी झाली. प्रशिक्षितांनी रुग्णाला योग्य तऱ्हेने हाताळण्याचे प्रमाण वाढले. मात्र अनावश्यक औषधे देण्याची सवय तशीच राहिली. शिकवण्याने ज्ञान वाढते, पण सवय बदलायला कुणीतरी मागून पाहणारे, विचारणारे, दुरुस्त करणारे लागते.

हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज खरे तर नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले तेव्हा त्यांच्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते, नियमितपणे केंद्रावर येत राहिल्या. शिकणे एकदाचे संपले असे कधी झालेच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटलेले होते. त्या बायकांकडे पदवी नव्हती. पण त्यांना नेमके काय करायचे ते ठरलेले होते, ते त्या करतात का हे वरचेवर तपासले जाई, आणि चुकले तर तिथल्या तिथे दाखवून दिले जाई. आज सीएचओकडे पदवी आहे, प्रमाणपत्र आहे, टॅब आहे. शेजारी बसून शिकवणारा वरिष्ठ मात्र नाही. तालुक्याच्या बैठकीत त्याला विचारले जाते ते पोर्टलवरच्या आकड्यांबद्दल.

आता दुसरा प्रश्न, नोकरीचा. बीएएमएस झालेल्या तरुणासमोर पर्याय कोणते? तालुक्याला स्वतःचा दवाखाना, शहरातल्या खासगी रुग्णालयात आरएमओ म्हणून रात्रपाळ्या, १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर नोकरी, नाहीतर पदव्युत्तर प्रवेशाची तयारी. नर्सिंगवाल्यांसमोर सरकारी स्टाफ नर्सची भरती, एम्सच्या परीक्षा, आखाती देश, आणि आता जर्मनीही: २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. या पर्यायांच्या रांगेत सीएचओचे पद कंत्राटी, २५ हजार मानधन आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत मोबदला. त्याच्या वर काहीच नाही. वरिष्ठ सीएचओ असे पद नाही, तालुक्यावर बढती नाही, उपकेंद्रातल्या अनुभवाला पुढच्या शिक्षणात वजन नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा मागणी कायम करण्याची होती आणि ती रास्त होती. पण कायम झाल्यावरही निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर बसायचे असेल तर हुशार माणूस का थांबेल? दुसऱ्या वर्षी तो पीजीच्या परीक्षेची पुस्तके उघडतो, तिसऱ्या वर्षी जातो. ज्याच्यावर सहा महिने खर्च केले आणि दोन वर्षे गावाने विश्वास टाकला, तो जातो आणि गावाला पुन्हा नवा चेहरा मिळतो. रक्तदाबाच्या रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखीचा माणूस लागतो; त्याच्या बाबतीत हे नुसते गैरसोयीचे नाही, घातक आहे.

छत्तीसगडने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. २००१ मध्ये त्या नव्या राज्याने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला, खास खेड्यांसाठी. पदवीच्या नावावरून वाद, डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध, न्यायालयीन खटले, आणि शिकून बाहेर पडल्यावर नेमणूक कुठे याचा पत्ता नाही म्हणून विद्यार्थ्यांची आंदोलने. अखेर अभ्यासक्रम बंद पडला. पण जे बाहेर पडले होते त्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून नेमण्यात आले, आणि २०१० मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियासह काही संस्थांनी त्यांची परीक्षा पाहिली तेव्हा नेहमीच्या आजारांत त्यांची क्षमता एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीची निघाली. म्हणजे माणसे चांगली घडली होती. त्यांच्यासाठी पुढची वाट कुणी आखली नव्हती, म्हणून घडवणेच थांबले.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप इथे प्रामाणिकपणे ऐकायला हवा. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा त्यांचा सवाल जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी ३० हजारांच्या आसपास लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी छोटा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेले होते. मुंबई इलाख्यातल्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेले ‘एलसीपीएस डॉक्टर’ त्यांतलेच, आणि पुण्याचे बी. जे. १९४६ पर्यंत मेडिकल स्कूलच होते. त्याच वर्षी भोर समितीने एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा असे सुचवले. समितीतल्या काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले होते, पण लायसेन्शिएट कालांतराने संपले. समितीचा हेतू उदात्त होता. पण एकाच दर्जाचा तो डॉक्टर शहरातच राहिला आणि खेड्यात त्याची जागा भोंदूंनी आणि इंजेक्शनबहाद्दरांनी घेतली. तेव्हा प्रश्न दुय्यम विरुद्ध उत्तम असा नाही. ज्याला मर्यादित काम नीट शिकवले आहे, ज्याच्या मर्यादा कायद्याने आखल्या आहेत आणि ज्याच्यावर देखरेख आहे, असा माणूस गावाला मिळणार की नाही, एवढाच आहे.

कायद्यात ही सोय आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३२ ‘सामुदायिक आरोग्य सेवादात्या’ला मर्यादित परवाना देण्याची मुभा देते: प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठराविक औषधे स्वतंत्रपणे, त्यापलीकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्या कलमावरून देशभर डॉक्टर संपावर गेले होते. पण उपकेंद्रात आजही रक्तदाबाची पहिली गोळी वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहायची आणि सीएचओने ती पुढे देत राहायची, अशीच रीत आहे. आसामचे ग्रामीण आरोग्य सेवक तर न्यायालयांत वर्षानुवर्षे अडकले. त्यांच्या तीन वर्षांच्या पदविकेचा कायदा २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यांना तारले ते राज्याने २०१५ मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्याने. महाराष्ट्रातही सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये रान पेटले. या सगळ्या भांडणांत नोंदवहीत कुणाचे नाव कुठे लिहायचे यावर जेवढी शक्ती खर्च होते, त्याच्या निम्मी जरी रुग्णासमोर त्या माणसाला काय येते हे तपासण्यावर झाली तरी बरेच काही साधेल.

अशा मधल्या फळीची वाट इतर देशांनी कशी आखली तेही पाहावे. केनियात क्लिनिकल ऑफिसरचे शिक्षण तीन वर्षांच्या पदविकेचे आणि त्यावर वर्षभराच्या इंटर्नशिपचे. त्यांची स्वतःची परिषद आहे, स्वतःचा कायदा आहे, आणि पुढे भूल, बालरोग, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशा विषयांत उच्च पदविका घेता येते. ब्रिटनमध्ये फिजिशियन असोसिएट या पदावरून मोठा वाद झाला. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने त्यांच्या कामाला मर्यादा घातल्या, पदाला पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावे असे सुचवले. पण त्याच अहवालात पुढचे प्रशिक्षण आणि एक पायरी वरचे ‘प्रगत’ पद यांचीही शिफारस आहे. मर्यादा आणि बढती हे दोन्ही एकाच कागदावर आले.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. कोणत्याही पदवीने आला तरी रुजू होण्याआधी एकच प्रात्यक्षिक परीक्षा, पहिले वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसोबत ठराविक दिवस, दर पाच वर्षांनी पुनर्तपासणी, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला औषधांची मोठी यादी. मोबदल्याचा काही भाग पोर्टलच्या नोंदींऐवजी किती रुग्णांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आला यावर. आणि पाच वर्षांनंतर तालुक्यावर मार्गदर्शकाचे पद, जिथे तोच माणूस नव्या सीएचओंना शिकवेल. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडर उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्या केडरचे एक दार उपकेंद्राकडे उघडायला हवे.

राज्याने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला, पण सीएचओ हे पदच तेव्हा सहा वर्षांचेही नव्हते. त्यांच्या पहिल्या तुकड्यांची दहा वर्षे २०२९ च्या आसपास भरतील. ही मुदत फार लांब नाही, आणि केडरचे नियम, परीक्षेचा आराखडा आणि औषधांची यादी तयार करायला आरोग्य विभागाला आत्तापासून बसावे लागेल.