विमान स्वस्त, विमानतळ महाग

लांबच्या देशात सुट्टीला जाण्याची हौस आता आपल्या व्यापारी आणि कारागीर वर्गातही आली आहे. त्यात वावगे काहीच नाही. वर्षभर गल्ल्यावर बसणाऱ्याने किंवा शिलाई मशीनवर मान मोडणाऱ्याने पंधरा दिवस बायकामुलांसह सफर केली तर कुणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. तिकिटाच्या भावासाठी आपली माणसे महिना महिना घासाघीस करतात, पण घराच्या उंबऱ्यापासून विमानतळापर्यंतचा आणि परतीचा खर्च मात्र हिशेबात धरतच नाहीत.

सुरतेचा माल मीटरमागे आठ आणे स्वस्त मिळाला म्हणून आपण खूश होत नाही. ट्रान्सपोर्टचे भाडे, हमाली, खराब निघालेले थान, हे सगळे धरून दुकानात येऊन काय भाव पडला ते बघतो. सफरीचेही तसेच धरले पाहिजे.

आमच्या निरगुडसरचेच उदाहरण घेऊ. आंबेगाव तालुक्यातले हे गाव. इथून आधी मंचर, मग पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, चाकण. रेल्वे नाही. ती मंचर-नारायणगाववरून जाणार म्हणून आराखडे झाले होते, पण मार्ग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीजवळून जात असल्याने तो बदलण्याचे ठरले. विमानतळही खेड तालुक्यात व्हायचा होता, तो २०१६ साली पुरंदरकडे गेला. म्हणजे दोन्ही सोयी आमच्या दारावरून पुढे गेल्या! राहिले पुण्याचे लोहगाव आणि मुंबईचे सहार. आता त्यात उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने सुरू झाली.

आता हिशेब मांडू. लोहगाव आमच्यापासून सत्तर किलोमीटरच्या आसपास, सहार तळेगावमार्गे एकशेऐंशीच्या आसपास. भाड्याची गाडी सोडून रिकामी परत येते, तेव्हा दोन्ही बाजूंचे पैसे आपल्यालाच पडतात. सोडायला एक खेप आणि आणायला एक खेप धरली तर लोहगावला २८० किलोमीटर होतात आणि सहारला ७२०. समजा किलोमीटरला १५ रुपये भाडे ठरले, तर लोहगावचे ४,२०० आणि सहारचे १०,८०० झाले. फरक ६,६०० रुपयांचा, टोल वेगळा. समजा मुंबईचे तिकीट पुण्यापेक्षा माणशी ३,००० रुपयांनी स्वस्त आहे. नवराबायको दोघेच असतील तर वाचले ६,०००, म्हणजे मुंबईला जाऊन उलट खिशातून गेले. घरची चार माणसे असतील तर वाचले १२,०००, तेव्हा मुंबई परवडली. कारण उघड आहे. तिकीट डोक्यामागे लागते, गाडी खेपेमागे. एवढे साधे गणित दुकानात आपण तोंडी करतो, सफरीला निघताना मात्र विसरतो.

दोघातिघांनी गाडीचा नाद सोडावा हे बरे. नाशिक रस्त्याने पुण्याला येणारी एस.टी. नाशिक फाट्यावरून येते आणि तिथेच मेट्रोचे स्टेशन आहे. एस.टी. तिथे थांबवतात का हे वाहकाला आधी विचारावे, नाहीतर वाकडेवाडीला उतरून शिवाजीनगरहून मेट्रो धरावी. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडीपर्यंत जाता येते आणि तिथून लोहगाव रिक्षाच्या अंतरावर आहे. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ पासून सुरू आहे. मुंबईला जायचे तर पुण्याहून शिवनेरीने किंवा रेल्वेने दादर गाठावे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण झाली आहे. दादरला किंवा सीएसएमटीला त्यात बसले की ती विमानतळाच्या टर्मिनल दोनपाशीच उतरवते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे, हेही हिशेबात धरावे. अडचण एकच. लांबच्या देशांची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि मेट्रो रात्री बंद होते. म्हणून संध्याकाळीच पोहोचावे आणि घरचा डबा उघडून निवांत बसावे. चाकणची कोंडी ज्यांनी भोगली आहे त्यांना चार तास आधी पोहोचण्याचा अर्थ सांगायला नको.

नव्या विमानतळाचा आमच्या बाजूच्या लोकांना फायदा व्हायला हवा. द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो आणि उलवे तिथून जवळ आहे. वाशी, चेंबूर, अंधेरीची गर्दी टळते. मात्र तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून निघू नये. सहारची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. चुकीच्या दारात उभे राहिलात तर विमान थांबत नाही.

आता जायला एक विमानतळ आणि यायला दुसरा, हा प्रकार. आपल्याला तो नवा नाही. उमऱ्याला जाणारे कित्येकजण जिद्दाला उतरतात आणि मदिन्याहून परततात. सुट्टीच्या सफरीलाही तो चालतो. जाताना मुंबईहून थेट जावे आणि येताना दिल्लीला बदल करून पुण्याला उतरावे. थकलेल्या जिवाला शेवटचे शंभर किलोमीटर कमी पडतात. पण हे सगळे एकाच तिकिटावर घ्यावे. एका तिकिटात पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन सुटी तिकिटे घेतली आणि दुसरे विमान चुकले, तर पैसे बुडाले. येताना बहुधा दिल्लीलाच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून जावे लागते, त्यासाठी मधे तीन-चार तास असू द्यावेत.

तिकडच्या टोकालाही हाच डाव असतो. लंडनला एक नाही, अनेक विमानतळ आहेत. मुंबईचे विमान हीथ्रोला उतरते आणि पुढचे स्वस्त विमान स्टॅनस्टेडहून किंवा ल्यूटनहून असते. मधे सगळे शहर ओलांडायचे, बसचे भाडे भरायचे आणि मुख्य म्हणजे विमानतळ बदलायचा तर देशात शिरावे लागते, त्याला व्हिसा हवा. त्या व्हिसाचे पैसे धरले की स्वस्त तिकिटाचा रंग पहिल्याच धुण्यात जातो. हीथ्रोहून शहरात जायला तीन गाड्या आहेत. हीथ्रो एक्सप्रेस सर्वांत महाग, एलिझाबेथ लाइन त्याहून कमी, पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त. वेळ थोडा जास्त लागतो, पण सुट्टीवरच्या माणसाला घाई कसली?

एक गोष्ट कडू लागेल, तरी लिहितो. आपल्याकडे एक माणूस परदेशी निघाला की सोडायला तीन जीपा निघतात. मावशा, चुलते, शेजारी, सगळे. तिकीट नसलेल्याला टर्मिनलच्या आत सोडत नाहीत, म्हणजे पंधरा माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवतात आणि रात्रभर जागलेला ड्रायव्हर पहाटे त्यांना घाटातून परत आणतो. डिझेलचे पैसे सोडा, त्या डुलकीची भीती आम्हाला जास्त वाटते. दुवा घरातूनही पोहोचते. निरोप मंचरच्या स्टँडवर घ्यावा. पहाटे उतरणाऱ्यानेही घरून गाडी बोलावण्यापेक्षा उजाडेपर्यंत टर्मिनलमध्येच बसावे आणि पहिली मेट्रो धरावी.

आमची मागणी एस.टी. महामंडळाकडे आहे. शिवनेरी हे नाव आमच्या जुन्नरच्या किल्ल्याचे, पण मुंबईची शिवनेरी धरायला आम्हाला आधी पुणे गाठावे लागते. नारायणगावहून मंचर, चाकण, तळेगावमार्गे उलवे आणि सहार अशी विमानांच्या वेळेला जुळणारी एक गाडी संध्याकाळी सोडावी, तीच पहाटे उतारू घेऊन परत यावी. सामानाला खाली जागा असलेली गाडी द्यावी. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतून परदेशी जाणारे आता थोडे नाहीत. उमऱ्याचे आहेत, नोकरीचे आहेत, मुलांना शिकायला सोडणारे आहेत. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरच्या व्यापारी बांधवांनी आपल्या ओळखीतून गेल्या वर्षभरात कोण कोण गेले, कोणत्या विमानतळावरून आणि कोणत्या वेळी, याची यादी करावी आणि सह्यांसह आगार व्यवस्थापकाकडे द्यावी. निरगुडसरची यादी आम्ही लिहायला घेतली आहे.