फी तीस रुपयांची, भांडण तीनशेचं



रहिमतपूरच्या बाजारात शाळूचं पोतं उतरलं की हमाली किती, तोलाई किती, हे आपल्याला तोंडपाठ असतं. आता संगणकावरचा बाजार आला. त्याची जाहिरात एकाच वाक्यावर चालते: 'शेतकऱ्याकडून एक पैसाही घेत नाही.' आम्ही शेतीशास्त्र शिकलो, पण हिशेब आंदोलनात शिकलो. फुकट म्हटलं की आधी विचारावं, बाजार चालवणाऱ्याचं पोट कशावर भरतं?

फी खरेदीदार देतो म्हणे. समजा, शाळूची खरी किंमत क्विंटलला 3000 रुपये आणि फी शेकडा 1. खरेदीदार ते 30 रुपये मनात वजा करूनच बोली लावतो. पावती त्याच्या नावाची, पैसा आपला! मग फी आपल्यावर की त्याच्यावर, या वादात फार दम नाही. बोली लावणारा एकटाच असेल तर तो 2700 वरच थांबेल, कारण त्याला भीती कुणाची? चार-पाच जण असतील, त्यात एखादा विजापूरचा, एखादा पुण्याचा, तर भाव 2970 च्या जवळ जाईल. खरं भांडण या फरकाचं आहे.

एकटा गिऱ्हाईक काय करतो हे कापूसवाल्यांना सांगायला नको. 1972 साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढे अनेक वर्षं दुसऱ्या दारात जायची वाट जवळपास बंदच होती.

ई-नाम 14 एप्रिल 2016 रोजी 8 राज्यांतल्या 21 बाजारांत सुरू झाला. आता हजारावर बाजार जोडलेत. पण बाजार जोडले म्हणजे बोली वाढल्या असं होत नाही. सौदा जुन्याच दोघांनी तोंडी ठरवला आणि मागाहून संगणकात भरला, तरी बाजाराची फी तेवढीच वसूल होते. मग बाहेरचा व्यापारी आणायची तसदी कोण घेईल?

म्हणून आमचं म्हणणं असं, की फी ठरवतानाच बाजाराला कामाला लावा. तीनपेक्षा कमी बोली आल्या तर फी नाही. भाव पटला नाही आणि माल परत नेला तर फी नाही. पैसे खात्यात जमा होईपर्यंत फी नाही. ही शेवटची अट सोडू नका. 2013 साली नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे 5600 कोटी रुपये अडकले. संगणकावर आकडा दिसणं आणि पैसा हातात पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याही पदरात काम आहे. लांबचा व्यापारी माल न बघता बोली लावतो. पाच पोती शाळू, त्यात तीन तऱ्हेचा दाणा, त्यासाठी तो ट्रक पाठवणार नाही. गावाने एकाच जातीचा, चाळलेला, वाळवलेला शंभर क्विंटल माल एकत्र मांडावा. कापसात ओलावा 8 टक्क्यांच्या आत, कवडी आणि कचरा वेगळा. 2020 पासून शेतकरी कंपनीला आपल्या गोदामातूनच ई-नामवर माल मांडता येतो. ती सोय वापरा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने शेवटच्या विक्रीची पट्टी आणावी आणि तिच्या पाठीवर एकच आकडा लिहावा: बोली किती जणांनी लावली? फीचं आपण त्यानंतर बोलू.