सीडी-४ वाढले, म्हणून गोळ्या थांबवू नका

गेल्या महिन्यात तिशीतला एक रुग्ण हसतमुखाने दवाखान्यात आला. एच.आय.व्ही.ची लागण कळली तेव्हा त्याचे सीडी-४ होते १८०. नव्या रिपोर्टात ६५०. "डॉक्टर, आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?" त्याने विचारले. खरे तर त्याने त्या आठवड्यापूर्वीच बंद केल्या होत्या!

त्याला रागावण्याआधी मला माझीच चूक आठवली. दर वेळी "छान, वाढले" एवढे म्हणून मी पुढच्या रुग्णाला हाक मारत आलो. हा आकडा काय मोजतो, हे कधी सांगितलेच नाही.

टी पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांच्या अंगावर अनेक प्रथिने असतात. सीडी-३ ही टी पेशीची ओळख, तर सीडी-४ ही त्यांतल्या मदतनीस पेशींची खूण. पण सीडी-४ रक्तातल्या आणखी काही पेशींवरही असते. म्हणून ज्यांच्यावर ही दोन्ही प्रथिने एकत्र दिसतात, त्याच पेशी मोजतात.

विषाणूलाही पेशीत शिरायला दोन प्रथिने लागतात. एक सीडी-४ आणि दुसरे बहुधा सीसीआर-५. हे दुसरे १९९६ मध्ये उमगले. आत शिरलेला विषाणू पुष्कळ पेशींचा नाश करतो. काही मोजक्या पेशींत मात्र तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. अशा पेशीवरही सीडी-३ आणि सीडी-४ असतातच. त्यामुळे तीही चांगल्या पेशींतच मोजली जाते! गणवेश पहारेकऱ्याचा, पण घरात चोर.

गोळ्या विषाणूला पसरू देत नाहीत. दडून बसलेल्याला मात्र मारू शकत नाहीत. त्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो. अधूनमधून खंड पडला, तर गोळ्यांना दाद देईनासा होतो. २०१७ पासून आपल्या देशात सीडी-४ कितीही असले तरी उपचार सुरू करतात. मग ते वाढले म्हणून थांबवायचे कसे?

माझे स्पष्ट मत आहे की, रिपोर्ट हातात देताना पाच मिनिटे समजावून सांगणे हाही उपचारच आहे. त्यात आम्ही डॉक्टर कमी पडतो. त्या तरुणाला मी त्याच दिवशी ए.आर.टी. केंद्रात परत पाठवले.

वाचकहो, सीडी-४ वाढणे ही गोळ्यांची कमाई आहे. व्हायरल लोडची तपासणी वेळेवर करून घ्या आणि केंद्रातील डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.