स्टेंट कशासाठी? उत्तर आकड्यात द्या!

"धमनीत सत्तर टक्के अडथळा आहे, स्टेंट टाकावाच लागेल," असे डॉक्टरांनी सांगितले की गोरगरिबाच्या घरात उलट प्रश्न विचारायची कोणाची छाती होत नाही. दागिने मोडतात, कर्ज काढतात. पण हा सत्तरचा आकडा अनेकदा पडद्यावर पाहून बांधलेला अंदाज असतो. खरा प्रश्न अडथळा किती दिसतो हा नाही. रक्त किती अडते, हा आहे.

विज्ञानाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले 1,005 रुग्ण होते. काहींना केवळ अँजिओग्राफी पाहून, तर काहींना धमनीत बारीक तार घालून रक्ताचा दाब मोजून स्टेंट टाकले. दाब मोजलेल्यांना सरासरी 2.7 ऐवजी 1.9 स्टेंट लागले. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार ही वेळ 18.3 ऐवजी 13.2 टक्के रुग्णांवरच आली.

आता तर तारेवाचूनही हा अंदाज घेता येतो. सीटी स्कॅनवरून संगणक त्या रुग्णाच्या धमन्यांची प्रतिकृती उभारतो आणि द्रवप्रवाहाच्या समीकरणांनी जागोजागचा दाब काढतो. अडथळ्यापुढचा दाब महाधमनीतील दाबाच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी भरला, तर अडथळा गंभीर. फाट्यांवर आणि वळणांवर, जेथे प्रवाह मंदावतो, तेथेच चरबीचा थर का साचतो, हेही याच गणिताने उलगडते. अमेरिकेने 2014 मध्ये या तंत्राला मान्यता दिली. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2017 मध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी त्याची शिफारस केली.

त्याच 2017 च्या फेब्रुवारीत आपल्याकडे औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरली. तीही एका वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात लढा दिल्यानंतर! किंमत बांधली, पण गरज कोण तपासणार? महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीवर जनतेचाच पैसा खर्च होतो.

झटका आलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तेथे क्षणाचाही विलंब नको. इतरांच्या बाबतीत मात्र स्टेंट कोणत्या मोजमापावर टाकला, याची लेखी नोंद सक्तीची करा. उपचाराची गरज, धोके आणि पर्याय समजून घेतल्याशिवाय दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 मध्येच सांगितले आहे.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, सही करण्यापूर्वी विचारा: दाब मोजला का? किती भरला? औषधांनी भागेल का? हा उपकार नव्हे, आपला हक्क आहे.