न गाठलेल्या मुक्कामासाठी

थंडीत सह्याद्रीत एकट्याने भटकणाऱ्यांच्या सॅक आता हलक्या होत आहेत. आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. सॅक हलकी असली की गुडघे टिकतात, घसाऱ्यावर तोल सांभाळता येतो, दिवसाच्या शेवटी वाट शोधण्याइतके डोके ताजे राहते. मात्र वजन कशातून कमी करायचे, याबद्दल आमचे मत ठाम आहे. एकट्याची सॅक ठरलेल्या मुक्कामासाठी भरायची नसते. पाय मुरगळल्यामुळे, वाट चुकल्यामुळे किंवा अंधार पडल्यामुळे जिथे थांबावे लागेल, त्या जागेसाठी ती भरायची असते.

आपल्या हातात पडणाऱ्या बहुतेक याद्यांचे मूळ अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर आहे. एमा गेटवूड या आजीबाई १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल एकट्याने चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. पुढे १९९०च्या दशकात रे जार्डिन यांनी आपल्या पुस्तकांतून या विचाराला पद्धतीचे रूप दिले. अन्न, पाणी आणि इंधन वगळून साधारण साडेचार किलोच्या आत बसणारे सामान म्हणजे अल्ट्रालाइट, हे माप आज आपल्या भटक्यांच्याही तोंडी असते. पण गेटवूड मे ते सप्टेंबर या काळात चालल्या आणि वाटेत अनेक रात्री अनोळखी लोकांच्या घरी झोपल्या. ऋतू आणि ती घरे, दोन्ही त्यांच्या झोळीत न दिसणारे सामान होते.

आपला हिवाळा वेगळा आहे. जानेवारीत पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना दुपारी शर्ट घामाने चिंब होतो आणि पहाटे त्याच पठारावर बुटांच्या नाड्या बांधायला बोटे वळत नाहीत. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की आठ-दहा अंशांतही ते घडते. सुरुवातीलाच विचारशक्ती मंदावते. सोबत कुणी असेल तर तो म्हणतो, ‘तू अडखळत बोलतोयस, बस खाली.’ एकट्याला हे सांगणारे कुणी नसते. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड, कानटोपी आणि मोजे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, फक्त झोपण्यासाठी राखून ठेवायचे. थांबल्यावर थंडी वाजायची वाट न पाहता आधी ओला शर्ट उतरवायचा. या जोडातून एक ग्रॅमही कमी करू नये.

काटकसर करायची ती मोठ्या वस्तूंत. जुनी सॅक अनेकदा रिकामीच दोन किलोंच्या पुढे भरते. एकट्याच्या दोन-तीन दिवसांना सुमारे एक किलोची सॅक पुरते. टूथब्रशचा दांडा कापून जे वाचत नाही, ते इथे एका फटक्यात वाचते. स्लीपिंग बॅग निवडताना लेबल नीट वाचा. युरोपीय प्रमाणानुसार तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. एक्स्ट्रीमचा अर्थ जेमतेम जीव तगेल एवढाच. तिथे झोपेचा प्रश्नच नाही. दुकानात मात्र पुष्कळदा तोच आकडा ठळक दिसतो. सह्याद्रीसाठी कम्फर्ट पाच अंशांच्या आसपास असावा. पिसांची बॅग हलकी खरी, पण आपल्या दऱ्यांत पहाटे दव मुबलक पडते आणि भिजलेली पिसे फुगत नाहीत, ऊबही धरत नाहीत. उघड्यावर किंवा ताडपत्रीखाली झोपणाऱ्याने थोडे वजन सोसून सिंथेटिक घ्यावी, असे आम्ही सुचवू.

आणि कॅरीमॅट. वजन वाचवायला ती घरी ठेवणाऱ्यांना आमची विनवणी आहे की तसे करू नका. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नाही. कातळ रात्रभर शरीरातली उष्णता शोषत राहतो. फोमची साधी कॅरीमॅट सुमारे चारशे ग्रॅमची असते, काट्याने फुटत नाही, घड्या घालून दुपारी बसायलाही उपयोगी पडते. फारच वाटले तर ती कंबरेपर्यंत कापा आणि पायांखाली रिकामी सॅक घाला.

जागेची निवड तर काहीच वजन न घेता ऊब देते. थंड हवा जड असते, रात्री ती उतरत जाऊन खोलगट भागात साचते. टाक्याजवळच्या सखल जागेपेक्षा थोडे वर, वाऱ्याआड झोपावे. शेकोटीच्या भरवशावर कपडे कमी करणे मात्र आम्हाला मान्य नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य आहे आणि हिवाळ्यातले वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते.

स्टोव्हबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. गावाजवळच्या गडांवर तो टाळता येतो. दशम्या, चिक्की, सातूचे पीठ पुरते. आडवाटेवर गरम पाण्याची सोय हवी. पाणी मात्र कमी नेऊ नये. थंडीत तहान लागत नाही, पण दुपारी घाम गळतोच. पुढचे टाके भरलेले आहे हे गावातून पक्के कळेपर्यंत तीन लिटर पाठीवर असू द्या.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. तेरा तासांची रात्र. हेडटॉर्चसोबत दुसरी लहानशी बॅटरी हवीच. ती तीस-चाळीस ग्रॅमची असते. एका मिनिटात सहा शिट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, हा डोंगरातला मदतीचा संकेत आहे. त्यासाठीची शिटी सॅकच्या पोटात न ठेवता छातीवरच्या पट्ट्याला बांधा.

परदेशी याद्यांत एकट्यासाठी सॅटेलाइट मेसेंजर हमखास असतो. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणे बेकायदा आहे, आणि दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते. तेव्हा पायथ्याच्या घरात चिठ्ठी ठेवून जा. तिच्यात कोणत्या वाटेने चढणार, कुठे झोपणार, कोणत्या गावात उतरणार, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा आणि तेव्हा कुणाला फोन करायचा, एवढे लिहा. तीच चिठ्ठी घरच्यांकडेही असू द्या. वाटेत बेत बदलावासा वाटला तर तो फक्त चिठ्ठीतल्या वाटेवरून मागे फिरण्यापुरताच बदला, आणि दुसरीकडे उतरलात तरी पायथ्याच्या त्या घरी निरोप पोचवा, कारण तिथले लोक तुमच्यासाठी अंधारात बॅटऱ्या घेऊन निघतात.