स्वस्त प्रवास कोणाच्या खर्चाने?

परदेशप्रवास ही आता केवळ धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतील बँकेत, शाळेत वा कारखान्यात नोकरी करणारी कुटुंबे चार-पाच वर्षे पै-पै साठवून युरोपची वाट धरू लागली आहेत. सहलकंपनीचे दर न परवडणारे काहीजण स्वतःच आखणी करून निघतात आणि स्पेनमधील बार्सेलोना या शहरी चार दिवस काढून येतात. या प्रवाशाला पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. श्रमणाऱ्यालाही विश्रांतीचा आणि जग पाहण्याचा हक्क आहे, हे कामगार चळवळीनेच जगाला शिकवले. १९३६ साली फ्रान्समधील लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, तो या हक्काच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होता.

हा हक्क आजही सर्वांना सारखा मिळत नाही. डोंबिवलीच्या कारकुनाला व्हिसाच्या अर्जासोबत नव्वद युरो शुल्क, बँकेच्या खात्याचे उतारे आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवास-विमा सादर करावा लागतो. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. इतके अडथळे ओलांडून गेलेला माणूस तिथे प्रत्येक युरो जपून खर्च करणार, हे ओघानेच आले.

बार्सेलोनात असा माणूस निभावू शकतो, तो मुख्यतः सार्वजनिक सोयींच्या बळावर. दहा फेऱ्यांचे एकच तिकीट काढले की मेट्रोने आणि बसने शहर पालथे घालता येते. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. समुद्रकिनाऱ्याला तिकीट नाही. पिकासोचे संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य पाहता येते. सामायिक खोल्यांच्या वसतिगृहांत एक खाट भाड्याने मिळते. ही स्वस्ताई निकोप आहे. ती नगरपालिकेने सर्वांसाठी उभारलेल्या व्यवस्थेतून येते आणि तिच्यापायी कोणाचे घर जात नाही.

परंतु स्वस्ताईचा आणखी एक प्रकार आहे. संकेतस्थळावरून एखादी सदनिका चार रात्रींसाठी भाड्याने घ्यावयाची. चौघांच्या कुटुंबाला दोन हॉटेल-खोल्यांपेक्षा ती स्वस्त पडते, स्वयंपाकघर मिळते, रात्री खिचडी टाकता येते. शाकाहारी मराठी गृहिणीला ही सोय किती मोलाची वाटते, हे समजण्यासारखे आहे. प्रश्न एवढाच की, त्या सदनिकेत काल कोण राहत होते?

हा प्रश्न बार्सेलोनाचे नागरिक गेली अनेक वर्षे विचारत आहेत. १९९२ च्या ऑलिंपिकनंतर हे शहर जगाच्या नजरेत भरले आणि पर्यटकांचा ओघ वाढत गेला. बार्सेलोनेता या कोळी-कामगारांच्या जुन्या वस्तीतील रहिवासी २०१४ च्या ऑगस्टमध्ये पर्यटक-सदनिकांविरुद्ध रस्त्यावर उतरले. महिनाभराच्या भाडेकरूपेक्षा चार रात्रींचा पाहुणा अधिक पैसे देतो. मग घरमालक भाडेकरूचा करार वाढवील कशाला? दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असे सांगत समाजवादी पक्षाचे महापौर जौमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की, १०,१०१ पर्यटक-सदनिकांपैकी एकीचाही परवाना नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवला जाणार नाही.

ही व्यथा डोंबिवलीकराला कळली नाही तर कोणाला कळावी? गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत ज्यांच्या वडिलांचा संसार झाला, त्यांतील कितीतरी कुटुंबे तिथे वाढत्या संसाराला पुरेल असे घर परवडेना म्हणून खाडीपलीकडे आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. त्या मनोऱ्यांत गिरणगावच्या मुलांना जागा नव्हती. शहर ज्यांनी घडवले त्यांनी रोज तासभर लोकलला लोंबकळत त्याच शहरात कामाला यावयाचे, हा न्याय येथे अंगवळणी पडला आहे.

पार्क ग्वेल या प्रसिद्ध उद्यानाकडे जाणारी ११६ क्रमांकाची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरू लागली की, त्या चढावरच्या वस्तीतील म्हाताऱ्यांना तीत पाय ठेवता येईना. अखेर २०२४ मध्ये नगरपालिकेच्या प्रयत्नाने तिचा मार्ग मोबाइलवरील नकाशातून काढण्यात आला. मागूनच भरून आलेल्या गाडीत चढता न येणे म्हणजे काय, हे डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभ्या राहणाऱ्याला समजावून सांगावे लागू नये.

जुलै २०२४ मध्ये तेथील निदर्शकांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. राग समजू शकतो. नेम मात्र चुकला. पाहुणा घर विकत घेत नाही, भाडेही ठरवत नाही. त्यातून नफा कमावतात ते अनेक सदनिका बाळगणारे मालक आणि प्रत्येक व्यवहारावर दलाली घेणाऱ्या कंपन्या. म्हणूनच उपाय कायद्याचाच हवा, आणि बार्सेलोनाने तो योजला, हे योग्यच झाले.

तथापि कायद्याची मुदत उजाडेपर्यंत प्रवाशाची जबाबदारी संपते, असे नव्हे. वसतिगृहात किंवा साध्या हॉटेलात उतरल्याने चार दिवसांचा खर्च थोडा वाढेल. कदाचित एक दिवस कमी राहावे लागेल, खिचडीऐवजी पावावर भागवावे लागेल. पण ज्याच्या घरच्यांनी स्वतः शहर सोडण्याचे दुःख भोगले आहे, त्याने दुसऱ्या शहरातील आपल्यासारख्याच माणसाच्या घरात, त्याला बाहेर काढून, स्वस्तात निजू नये. जग पाहण्याचा हक्क श्रमिकांचा आहे. तसाच आपल्या गल्लीत राहण्याचा हक्कही श्रमिकांचाच आहे. पहिल्यासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची वेळ श्रमिकांवर यावी, हे ज्यांच्या फायद्याचे आहे, त्यांचा हिशेब दोन्ही शहरांतील भाडेकरूंनी मिळून मागितला पाहिजे.